फुकटचा वजीर

ठमीच्या वडिलांचं एक वाक्य त्या घरात भिंतीतल्या खिळ्यासारखं पक्कं बसलं होतं. वजीर फुकट दिसला की आधी विचारायचं, फुकट का?

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि शेजारच्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट. गिऱ्हाईक आलं की "बसा हो, एक डाव होऊ द्या" म्हणायचे. गिऱ्हाईक दहा मिनिटांत हरायचं आणि घड्याळ मात्र आठवड्याने मिळायचं. लोक कुरकुरायचे, पण परत यायचे. हरलेल्या माणसाला पुन्हा यावंच लागतं, हे त्यांच्या धंद्याचं गुपित होतं.

"शेवटी कुणी हरत नाही," ते म्हणायचे. "पहिल्या दहा चालींत हरतं. कळतं शेवटी, एवढंच."

म्हणून त्यांनी चुकांची वही ठेवली होती. प्रत्येक डाव त्यात उतरायचा आणि पहिल्या दहा चालींतली चूक लाल शाईने अधोरेखित व्हायची. कुणी वजीर घाईने बाहेर काढला, कुणी एकच घोडा तीनदा नाचवला, कुणी राजाला मधेच उघडा ठेवून कडेची प्यादी ढकलत बसलं. कडेच्या प्याद्यांवर त्यांचा विशेष राग. "घराला आग लागलीय आणि हा कुंपण रंगवतोय," असं समोरच्याला तोंडावर सांगायचे.

त्यांचा आवडता सापळा होता, त्याला ते 'पाहुणचार' म्हणत. समोरच्याचा उंट आपल्या घोड्यावर डोळा ठेवून बसलेला असतो. घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडणार. अशा वेळी खुशाल घोडा हलवायचा. समोरचा हपापून वजीर उचलतो, आणि पुढच्या दोन चालींत आपला उंट आणि आपला घोडा मिळून त्याच्या राजाचा गळा धरतात. सातव्या चालीला मात. ठमीचा नवरा लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यालाही हाच पाहुणचार झाला. वर वडील म्हणाले, "वजीर फुकट घेतलात. मुलगीही फुकटच नेणार होतात का?" बिचारा त्यानंतर सहा महिने पटाजवळ फिरकला नाही.

आणि या घरात चाल परत मिळत नसे. हात लावला की चालायचं. नऊ वर्षांची असताना ठमीने वजीर गमावला आणि ती रडरड रडली. बाबांनी तिला पाणी दिलं, रुमाल दिला, चाल नाही दिली. "दया म्हणून सोडलेला डाव म्हणजे अपमान," म्हणाले. "उद्या तू मला सोडलंस तर मी जेवणार नाही."

दुकान बंद झालं, आई गेली, आणि बाबा ठमीकडे राहायला आले. नवऱ्याची बदली दूरच्या गावी, महिन्यातून दोनदा येणारा. ठमी रक्त तपासायच्या लॅबमध्ये सहापर्यंत. आठ वर्षांच्या टिल्लीची शाळा सुटायची चारला. बाबा आले आणि तो प्रश्न सुटला. पावणेचारला ते बूट घालून निघायचे आणि नातीला घेऊन यायचे. मग तिघा-चौघांच्या वाटणीचा चहा एकटेच प्यायचे आणि पट मांडायचे.

ठमीचा स्वभाव मुळातच काळजीचा. गॅसचं बटण तीनदा बघणारी, टिल्ली शिंकली तर थर्मामीटर शोधणारी. त्यामुळे बाबांचं काही बिनसतंय हे तिला सगळ्यांआधी दिसलं. आधी ते शेजाऱ्याचं नाव विसरले, ते कुणीही विसरतं. मग एका सकाळी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली, आणि अर्ध्या तासाने पुन्हा दिली, आणि पुन्हा. स्प्रिंग कट्टकन तुटली. ज्या हातांनी आयुष्यभर लोकांच्या तुटलेल्या स्प्रिंगा बदलल्या, ते हात तो आवाज झाला तरी किल्लीवर तसेच राहिले.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, लक्ष ठेवा. आता लक्ष ठेवा म्हणजे नेमकं काय करा? ठमीला आकडा लागतो. लॅबमधली बाई ती. मग तिने स्वतःच माप ठरवलं, आणि त्या रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"ते टिल्लीशी रोज खेळतात ना, वही आहेच. जिंकतायत तोवर डोकं शाबूत आहे. ज्या आठवड्यात टिल्लीशी लागोपाठ हरतील, त्या आठवड्यापासून शाळेतून आणणं बंद."

"तुझ्या बाबांना सांगशील का हे?" नवरा म्हणाला. "मला तर धीर होणार नाही. मला सात चालींत मारलंय त्यांनी."

ती हसली. पलीकडच्या खाटेवर टिल्ली पाठ करून पडली होती. झोपली असेल असं तिला वाटलं.

वही सांगत राहिली की बाबा जिंकतायत. सोमवारी जिंकले, मंगळवारी जिंकले. महिनाभर एकही डाव हरले नाहीत. ठमी रोज शेवटची ओळ बघायची, हलकी व्हायची आणि भाजी चिरायला घ्यायची.

एका रविवारी समोरच्या शिंपीणकाकू कपडे द्यायला आल्या. "तुझी पोरगी भारी दादागिरी करते हं," त्या हसत म्हणाल्या. "आजोबांचा हात धरून अशी ओढत नेते, जसं काही तीच त्यांना शाळेतून आणतेय."

काकू गेल्या. ठमी झग्याची शिवण तपासत उभी राहिली आणि शिवण काही तिला दिसेना. मग तिने वही काढली आणि या वेळी शेवटची ओळ नाही, पहिल्या दहा चाली वाचल्या.

पहिली गोष्ट म्हणजे अक्षर. महिनाभराचे सगळे डाव टिल्लीने उतरवले होते. दुसरी गोष्ट, लाल शाई कुठेच नव्हती. तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर पट मांडला आणि एकेक डाव चालून पाहिला. पाचव्या चालीला बाबांचा वजीर टिल्लीच्या प्याद्याच्या तोंडाशी येऊन उभा. टिल्लीने कडेचं प्यादं ढकललं होतं. दुसऱ्या डावात बाबांचा हत्ती उघडा. टिल्लीने दुसऱ्या कडेचं प्यादं ढकललं होतं. तिसऱ्या डावात बाबा एकाच घोड्याला चार वेळा पुढेमागे करत होते, आणि टिल्ली शांतपणे, एका वेळी एक घर, कुंपण रंगवत होती.

टिल्ली दप्तर भरत होती. ठमी तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"इथे आजोबांचा वजीर फुकट होता. दिसला नाही तुला?"

"दिसला."

"सापळा वाटला?"

"नाही. नव्हताच सापळा. मी बघितलं नीट."

"मग?"

टिल्लीने पेन्सिलींची डबी उघडली, बंद केली. "तूच फोनवर म्हणालीस ना. हरले की ते आणायला येणार नाहीत."

ठमीने मोठा श्वास घेतला. रागवायचं नाही, रागावलं तर ही गप्प बसेल. "आणि येताना रस्ता?"

"मी विचारते, आजोबा, इथून वळायचं ना? मग ते म्हणतात, हो, मला माहीत आहे. असं विचारलं की त्यांना राग येत नाही."

"शाळेपर्यंत येतात ते नीट?"

"कधी कधी येतात. नाही आले तर कोपऱ्यावरच्या बाकावर असतात. मी तिथे जाते."

"एकटी?"

"जवळच आहे," टिल्ली म्हणाली, आणि मग, सांगून टाकावं तसं, "एकदाच फक्त ते मोठ्या रस्त्यात थांबले. मधे. मनगटावरचं घड्याळ बघत होते. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी म्हटलं, आजोबा, घड्याळ पलीकडे जाऊन बघू. मग आले."

ठमीने तिला जवळ ओढलं. टिल्लीच्या केसांना तेलाचा वास होता. या मुलीने महिनाभर रोज मोठा रस्ता ओलांडला, एका हातात आजोबा आणि दुसऱ्या हातात दप्तर. आणि आपण रोज वहीची शेवटची ओळ वाचून भाजी चिरत होतो.

खरं तर तेवढं पुरे होतं. पण लॅबमध्ये वाईट निकाल आला की नमुना पुन्हा लावतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, हात मानत नाही म्हणून. त्याच संध्याकाळी ती बाबांसमोर बसली.

"बाबा, एक डाव?"

"तू? आज सूर्य कुठून उगवला? बस, बस. पांढरी घे, लहान आहेस."

तिने पाहुणचार मांडला. प्यादं, घोडा, उंट. दर चालीला मनात म्हणत होती, ओळखा. तुमचाच आहे. माझ्या नवऱ्याला घातलेला, पोस्टमनला घातलेला. बाबांचा उंट तिच्या घोड्यावर डोळा ठेवून बसला. तिने दुसरा घोडा काढला. बाबांनी जरा विचार केला आणि करंगळीने कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

ठमीने घोडा हलवला. वजीर उघडा पडला.

बाबा पटावर वाकले. सवयीने त्यांचा हात डोळ्याकडे गेला, तिथे आता भिंग नव्हतं. ती वाट बघत होती. विचारा, बाबा. फुकट का, एवढंच विचारा.

"अगं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला, "तुझा वजीर गेला की." त्यांनी तो उचलला, मुठीत धरला.

उंट, मग घोडा. दोन चाली, आणि मात. ठमीची बोटं उंटाजवळ होती. दया म्हणून सोडलेला डाव म्हणजे अपमान. ती उंटाला हात लावणार, एवढ्यात बाबांनी मूठ उघडली आणि वजीर पुन्हा पटावर ठेवला.

"परत घे चाल," ते म्हणाले.

"काय?"

"परत घे म्हटलं. दमून येतेस तू. पोरीचं करायचं, कामावर जायचं, लक्ष तरी किती ठिकाणी पुरणार? घे, घे. मी कुणाला सांगणार नाही."

आयुष्यभर तिने त्यांच्याकडे एक चाल मागितली होती. ती आज मिळाली. ठमीने घोडा पाठीमागे आणला, वजीर त्याच्या घरात नीट मधोमध ठेवला. तिला समोरचं काही दिसत नव्हतं, ती बोटांनीच चाचपून ठेवत होती.

"असं रडतात का वजिरासाठी," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला.

डाव पुढे कसाबसा चालला. मधेच तिने सांगितलं, "बाबा, उद्यापासून टिल्लीला मी आणत जाईन. वेळ बदलून घेतेय लॅबमध्ये."

ते पटाकडेच बघत राहिले. "माझं काही चुकलं का?"

"नाही हो."

"कधी उशीर झाला नाही मला."

"नाही झाला."

"मग चारला मी काय करू?"

काळजी करणाऱ्या माणसाकडे सगळ्याची तयारी असते, याची नव्हती. "पट मांडून ठेवा," ती म्हणाली. "आम्ही येतोच."

दुसऱ्या दिवशी दोघी घरी पोचल्या तेव्हा बाबा दारातच होते. बूट घातलेले, केस विंचरलेले. पट टेबलावर मांडलेला, एकेक सोंगटी जागेवर.

"बाजूला हो," ते ठमीला म्हणाले. "शाळा सुटली असेल. पोर वाट बघत असेल."

पोर समोरच उभी होती. ठमी काही बोलणार, त्याआधी टिल्लीने खाली ठेवलेलं दप्तर पुन्हा पाठीवर चढवलं.

"चला आजोबा," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरला.

ठमी खिडकीशी गेली. दोघं फाटकाबाहेर पडली, शिंपीणकाकूंच्या दारापर्यंत गेली, तिथे थोडं थांबली. टिल्लीने मान वर करून काहीतरी विचारलं. बाबांनी जाणत्या माणसासारखी मान हलवली आणि हात करून घराची दिशा दाखवली. मग दोघं वळली.

"आणली बघ," दारात येऊन बाबा म्हणाले.

"बरं झालं," ठमी म्हणाली.

चहा झाला, डाव सुरू झाला. चौथ्या चालीला बाबांचा वजीर बाहेर आला, पाचव्या चालीला टिल्लीच्या प्याद्याच्या तोंडाशी उभा राहिला. टिल्लीने आईकडे पाहिलं. आता हरवलं तरी काही बिघडणार नव्हतं, जे बिघडायचं ते बिघडून गेलं होतं. तिचा हात प्याद्याकडे गेला आणि वरच थांबला.

"घाई नको," आजोबा म्हणाले. त्यांनी बोट उगारलं, अगदी दुकानात उगारायचे तसं. "फुकट दिसला की आधी काय विचारायचं?"

"फुकट का?" टिल्ली म्हणाली.

"मग विचार. नीट बघ."

टिल्ली बघू लागली. तिच्या खांद्यावरून ठमीही वाकली. तिने बाबांचे दोन्ही उंट पाहिले, घोडे पाहिले, हत्तींच्या रेषा बोटाने न दाखवता मनात ओढून पाहिल्या. कुठूनतरी मात निघत असेल. दहा चालींनी का होईना. एखादी अशी की जी आपल्याला कधी शिकवलीच नाही. तिने सगळा पट पुन्हा एकदा पहिल्या घरापासून पाहिला. टिल्ली हात वर धरून बसली होती, आणि बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत होते, खुशीत, कोडं घातलेल्या माणसासारखे.

"सापडला?" त्यांनी विचारलं.

"थांबा, बाबा," ठमी म्हणाली. "बघतेय अजून."