किनाऱ्यावर किनारा

ड्रायरमध्ये रेवाच्या डंगरीचं बक्कल खणकन आपटलं, तेव्हा कुठे लॅपटॉपवरची ओर्ला बोलली.

"चित्रा, नकाशे बसवताना तू खुणा कुठल्या धरल्यास?"

ओर्ला माझी बॉस. उत्तरेकडच्या एका ओसाड, बर्फाळ बेटाचे शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर बसवायचे आणि समुद्राने किनारा किती खाल्ला ते काढायचं, हे आमचं काम. रेवा झाल्यावर घरी बसले होते, त्यानंतर मिळालेलं पहिलंच. ती दुपारी झोपायची तेवढाच माझा वेळ. तिने कूस बदलली की मी माउससुद्धा हळू दाबायचे.

"भूशिरं," मी म्हणाले. "खाड्यांची तोंडं. शिखरं ढगांत होती ना, दिसतच नव्हती."

"म्हणजे किनाऱ्यावरच्याच खुणा."

"हो, आणि इतके छान बसले सगळे..."

बोलता बोलताच लक्षात आलं. जे सरकलंय, तेच मी पक्कं धरलं होतं. जुनी टोकं ओढून नव्या टोकांवर टेकवली, मग फरक उरणार कुठे? धुक्यात, थंडीत कुणीतरी पायी फिरून काढलेली ती रेघ मी रोज दुपारी, इतक्या मायेनं, पुसत बसले होते. एकूण एक नकाशावर.

"मी परत करते. पहिल्यापासून."

"शुक्रवारी रिपोर्ट जातोय. तुझ्या भागाशिवाय. तू वाईट वाटून घेऊ नकोस, यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही. घरात लहान मूल... आम्हीच विचार करायला हवा होता. पण कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही नेता येणार."

काम गेलं त्यापेक्षा 'आम्हीच' जास्त लागलं.

नवऱ्याला, आशुतोषला फोन लावला. तो शॅननच्या प्लांटवर, मागे मशिनांचा खडखडाट.

"अगं, होतं असं! मिळेल दुसरं!"

"हे मिळायला तीन वर्षं लागली, आशू."

"काय? ऐकू येत नाहीये!"

"काही नाही. येताना दूध आण."

मागे वळले तर गालावर उशीचा वळ घेऊन रेवा दारात. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र प्लेस्कूलच्या इंग्रजीत. कडेवर घेतलं. झोपेनं उबदार झालेलं माझं पिल्लू.

"नो लॅपटॉप?"

"नाही गं राणी."

"टुमॉरो?"

"उद्याही नाही."

तिचा चेहरा असा काही उजळला! माझे गाल दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, "सो आर यू जस्ट माय मॅमी नाऊ?"