बिनऔषधाचं पाणी

"नंबर डब्याचा असतो काका, माणसाचा नाही."

फिल्टरवाल्यांनी चष्मा वर सरकवून त्या बाईकडे पाहिलं. पाऊण तास ते रस्त्याकडेच्या झऱ्यापाशी उन्हात उभे होते, आणि पाळी आली म्हणून पुढे सरकले तर ही दूधवाली बाई त्यांना नियम शिकवत होती. खडकातून करंगळीएवढी धार येत होती. कुणीतरी तिथे पाइपाचा तुकडा खोचला होता आणि तिथून पार रस्त्यापर्यंत डबे, कॅन, कळशा एकामागे एक मांडून ठेवल्या होत्या. त्यांचे मालक झाडाखाली निवांत गप्पा हाणत बसले होते.

"मी तुमच्यासमोर पाऊण तास उभा आहे," ते म्हणाले.

"तुम्ही उभे आहात हो. तुमचा डबा कुठे होता?"

डबा स्कूटरला अडकवलेल्या पिशवीत होता, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. जिथे कुत्री हुंगत फिरतात त्या धुळीत पिण्याच्या पाण्याचा डबा टेकवायचा? एकतीस वर्षं ज्या माणसाने गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर काढली, त्याच्या हातून हे कसं व्हावं? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना फिल्टरवाले म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं.

"अहो, वर गोठे आहेत," त्यांचा तोल सुटला. "तिकडचं सगळं झिरपून खाली येतं. हे पाणी तपासलंय कुणी कधी?"

"माझी सासू नव्वदीची होऊन गेली हेच पाणी पिऊन," दूधवाली म्हणाली.

"आणि पाणी एवढं वाईट, तर तुम्ही कशाला तडमडलात इथे?" पंधरा जार मांडून बसलेला टेम्पोवाला म्हणाला. सगळे हसले. फिल्टरवाल्यांनी मुकाट्याने डबा काढला आणि रांगेच्या शेवटी, त्या धुळीत, टेकवला. आणखी दीड तास मोडला.

टेम्पोवाल्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. ते आले होते बायकोसाठी. आजारपणाने आणि त्यावरच्या औषधांनी तिच्या तोंडाची चवच गेली होती. नळाचं पाणी तोंडाजवळ नेलं की उमासे यायचे. उकळलेलं पाणी फिकं लागायचं. कालपासून पोटात जेमतेम चार घोट गेले होते. डॉक्टरांनी सकाळी स्पष्ट सांगितलं होतं, "आज पाणी गेलं नाही तर उद्या भरती करावं लागेल. आणि पाणी शुद्धच हवं, जंतूंशी झगडायची ताकद नाही त्यांच्यात." दवाखान्यात जायचं नाही असं तिने मागच्या खेपेलाच सांगून टाकलं होतं. "मला घरातच राहू द्या," एवढंच म्हणाली होती. हट्ट करणाऱ्यातली ती नव्हे, म्हणून तर ते त्यांना जास्त लागलं.

आणि मग डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "त्या वळणावरच्या झऱ्याचं मिळालं तर पिईन." बावीस वर्षं ती वरच्या गावातल्या शाळेत शिकवायला जायची. बस त्या वळणावर थांबायची आणि ती रोज उतरून ओंजळीने तिथलं पाणी प्यायची. फिल्टरवाल्यांना हे आज कळत होतं. सारं गाव त्यांच्या हातचं पाणी पीत होतं, आणि घरची बाई डोंगरातलं.

घरी येऊन त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. सवयीने खिशात बाळगलेली क्लोरीनची छोटी बाटली हातात कधी आली त्यांनाच कळलं नाही. पाच लिटरला दहा थेंब. अर्धा तास थांबून त्यांनी ग्लास भरला आणि तिच्या खाटेपाशी नेला.

तिने एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला.

"हे झऱ्याचं नाही."

"अगं, तिथूनच आणलंय. सगळी सकाळ गेली माझी."

"मग तुम्ही काहीतरी घातलंत."

"काही नाही घातलं."

ती भिंतीकडे वळली. फिल्टरवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. दूधवालीवर, टेम्पोवाल्यावर, डॉक्टरांवर, आणि हिच्यावर तर सगळ्यात जास्त. घातलं तरी पंचाईत, न घातलं तरी पंचाईत. माणसाने करायचं तरी काय?

"मग राहा तशीच," ते ओरडले. "उद्या सुया टोचतील तेव्हा कळेल."

तिने ओठांवरून जीभ फिरवली, पण जीभही कोरडीच होती. ते पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. उरलेलं पाणी मोरीत ओतून त्यांनी डबा विसळला आणि पुन्हा स्कूटर काढली.

दुपार कलली होती. रांग होतीच. या वेळी त्यांनी विचार न करता डबा शेवटी ठेवला आणि बाजूच्या दगडावर बसले. दूधवाली दुसऱ्या खेपेला आली होती.

"काय काका, सकाळचं सांडलं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," ते म्हणाले. "मी त्यात औषध घातलं. बायको आजारी आहे. तिला हेच हवंय, असंच. कालपासून पाण्याविना आहे ती."

दूधवालीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, त्यांचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे नेऊन धारेखाली धरला.

"अहो बाई, माझा नंबर," टेम्पोवाला म्हणाला.

"तू गप बस."

त्याने आपला जार मागे ओढला. भरलेला डबा पिशवीत ठेवून फिल्टरवाल्यांनी दूधवालीला हात जोडले.

घरी आल्यावर ते ओट्यापाशी जरा थांबले. आपण काय करतोय हे त्यांच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मग त्यांनी ग्लास भरला आणि तसाच बाहेरच्या खोलीत तिच्याकडे नेला. मानेखाली हात घालून तिला उठवलं.

ती थांबत थांबत प्यायली. अर्धा ग्लास संपला, मग पाऊण, मग सगळा. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पदराने टिपलं.

"तुमच्या पाण्याला पहिल्या दिवसापासून वास यायचा," ती म्हणाली. "म्हटलं नाही कधी. तुम्ही एवढा जीव लावून करायचात."

फिल्टरवाल्यांनी रिकामा ग्लास उचलला. ते आत गेले, त्याच डब्यातून आपल्यासाठीही ग्लासभर पाणी घेऊन आले आणि तिच्याशेजारी बसून पिऊ लागले.