फाइल नसेल तर सुरू होणार नाही

हॉस्पिटलच्या नावनोंदणीचं जावा अ‍ॅप नव्या सर्व्हरवर चढवलं, तर ते सुरूच होईना. स्क्रीनवर एकच ओळ आली: 'सेटिंगची फाइल सापडली नाही, मी सुरू होणार नाही.' ती ओळ अ‍ॅप बनवणाऱ्या मुलीनेच त्यात लिहिली होती.

मॅनेजर तिच्या खुर्चीमागे घिरट्या घालत होता. "अगं, फाइल नसली तर कोडमधला जुनाच डेटाबेस धर म्हणावं त्याला. सुरू तर होईल."

"सुरू होतं हेच तर दुखणं आहे, सर."

गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं. कोणता डेटाबेस वापरायचा हे सांगणारी फाइल नव्हती, म्हणून अ‍ॅपने कोडमध्ये लिहिलेला चाचणीचा डेटाबेस गुपचूप धरला. दिवसभर पेशंटची नावं तिथे जाऊन पडली आणि इथे ऑफिसात सगळे स्क्रीनवरचे हिरवे दिवे बघून खूश. दुसऱ्या दिवशी आजारी माणसं काउंटरवर आली, तर एकाचंही नाव सापडेना. शिव्या मात्र काउंटरवरच्या बाईने खाल्ल्या. त्यानंतरच तिने कोडमधला तो डेटाबेस काढून ही ओळ घातली होती.

"मी कोडमध्ये काही घालणार नाही," ती म्हणाली. "सेटिंग बाहेरच राहणार, त्या त्या सर्व्हरवर. तुम्हाला घालायचं तर हा घ्या कीबोर्ड. बदलाची नोंद तुमच्या नावावर होईल."

तिने खुर्ची मागे सरकवली. मॅनेजरने कीबोर्डकडे पाहिलं, मग फोन उचलून सर्व्हरवाल्याला फाइल टाकायला सांगितली. अ‍ॅप लगेच सुरू झालं.

"काय हट्टी अ‍ॅप आहे," तो पुटपुटला. "कुणावर गेलंय कोण जाणे."

"माझ्यावर," ती म्हणाली.