निळ्या साडीतला फोटो

सखारामची उभी हयात बोटीवर गेली. मालवाहू बोटीवर तो सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि हाताखालच्या पोरांना त्याने एकच गोष्ट जन्मभर ओरडून शिकवली: दुसरा दोर बांधल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. हीच शिकवण तो स्वतः एका दुपारी विसरला. तीसुद्धा भर वादळात नाही, मांडवीतल्या आपल्या घरात, पंख्याखाली खुर्चीत बसून.

त्याला एक फोटो बघायचा होता. बायकोचा.

यमुनाबाई जाऊन दोन वर्षं झाली. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती चोरी करताना पकडून आणल्यासारखी दिसायची. दुसरा फोटो घरात नव्हताच. नवरा समुद्रावर, मग बाईचा फोटो काढणार कोण आणि कोणासाठी?

तसा एकदा काढला होता. नवऱ्याला ईमेल लिहायला म्हणून ती बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. गल्लीतल्या बायका हसल्या, तिने ढुंकून पाहिलं नाही. क्लासच्या शेवटच्या दिवशी ती निळी साडी नेसून गेली. तिथल्या मॅडमनी आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि तिथूनच तिच्या ईमेलला जोडून बोटीवर पाठवायला लावला. खाली यमुनाबाईने लिहिलं होतं, ‘निळी साडी नेसल्ये. कशी दिसत्ये ते कळवा. खोटं सांगू नका.’

बोटीवर नेट म्हणजे करंगळीएवढी धार. मजकूर तेवढा यायचा, फोटो वाटेतच गाळले जायचे. सखारामला मजकूर मिळाला. फोटो आला नाही असं कळवलं तर ती हिरमुसेल, म्हणून त्याने लिहून टाकलं, ‘फोटो मिळाला. छान दिसत्येस.’ यमुनाबाईने ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. मग सुट्टीवर आल्यावर तो फोटो दाखव म्हणायला सखारामला तोंडच उरलं नाही. आज बघू, उद्या बघू करता करता ती गेली, आणि त्याचं ते ‘छान दिसत्येस’ मनात कुसळासारखं रुतून बसलं.

त्यांची मुलगी मनस्वी जयगडच्या बंदरावर कॉम्प्युटर विभागात नोकरीला. यमुनाबाईचा घरचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजायला लागला तेव्हा मनस्वीने त्याच्यातलं सगळं, होतं तसं, उचलून आपल्या एका लॅपटॉपमध्ये ठेवलं आणि तो घरीच सोडला. लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर. खिडकी उघडली की तीच जुनी हिरवी टेकडी, तेच यमुनाबाईचे ईमेल. रोज दुपारी सखाराम ते वाचत बसायचा. आंबे मोहरले, शेजारच्या मृणालीला मुलगा झाला, पाण्याचा पंप बिघडला. निळ्या साडीचा मजकूरही होता. त्याखाली मात्र एक रिकामा चौकोन, आणि सूचना: फोटो पाहण्यासाठी इंटरनेट जोडा. तेव्हाची टेलिफोनची लाईन गोगलगाय, म्हणून घरी फक्त मजकूर उतरवून घ्यायची सोय केलेली होती. पासवर्ड यमुनाबाईबरोबर गेला. तो माहीत होता फक्त त्या खोट्या कॉम्प्युटरला.

म्हणजे नेट आतच पोचायला हवं होतं. आणि ते काही केल्या पोचेना. बाहेर लॅपटॉपवर क्रिकेटचे सामने धो धो चालायचे, आत ठणठणाट. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मनस्वी प्रत्येक सुट्टीला नवं काहीतरी करून बघायची आणि तोंड पाडून उठायची.

त्या रविवारी तिने एकदम मान वर केली. “बाबा, कळलं. मी याला नेटचं नवीन कार्ड देत होत्ये. हा एवढा जुना, त्याला त्याची ओळखच नाही. जुन्यातलं जुनं कार्ड देऊन बघत्ये.”

“मग दे की गो बाय.”

“देत्ये. पण आधी याची एक कॉपी काढून ठेवायला हवी. मूळ डिस्क तर बंदच पडली. माझ्याकडे जागा नाही, उद्या बाजारातून नवी डिस्क आणत्ये.”

“कॉपी काय पळून जात्येय? आधी फोटो दाखव. किती दिवस हेच चाललंय.”

बापाचा आवाज ऐकून पोरीने पुढे वाद घातला नाही. तिने कार्ड बदललं, बंद केलं, चालू केलं. कोपऱ्यातली नेट नसल्याची लाल फुली गेली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती आत धावली.

सखाराम चष्मा सावरून बसला. ईमेलच्या यादीत हालचाल सुरू झाली. खालची ओळ गेली. तिच्या वरची गेली. पंप गेला, मृणालीचा मुलगा गेला. त्याला वाटलं, जुनं काढून नवं भरत असतील, फोटोंना जागा करत असतील. त्याने हात लावला नाही. निळी साडी गेली. शेवटी पांढरा पडदा उरला आणि त्यावर एक ओळ: येथे एकही ईमेल नाही.

तो वाट बघत राहिला. काही आलं नाही. मग कोपऱ्यात एक सूचना उगवली. खातं दीर्घकाळ न वापरल्यामुळे त्यातलं सगळं काढून टाकलं आहे, आणि इथली ईमेलची पेटी आता तिथल्याप्रमाणे जुळवली आहे.

सूचना त्याने दोनदा वाचली. नेट नव्हतं तोवर त्या पेटीला कळलंच नव्हतं की पलीकडे सगळं संपलंय. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो, आणि पोरगी थांबा म्हणत असताना लागलो. यमुनाची उरलीसुरली ओळ आपण आपल्या हाताने घालवली.

आतून मनस्वीची पावलं वाजली. आपल्यामुळे झालं, असं ही पोर जन्मभर म्हणत बसेल. सखारामने लॅपटॉप मिटला.

“आलं नेट?” मनस्वी चहा घेऊन दारात उभी होती. “दिसला फोटो?”

“दिसला.”

तिचे डोळे भरून आले. कप ठेवून तिने लॅपटॉपकडे हात नेला. सखारामने त्यावर आपला पंजा ठेवला.

“आत्ता नको गो. मला पाठवलेला होता तिने. आजचा दिवस माझ्याकडेच असू दे.”

उद्या ती उघडेलच, हे त्याला माहीत होतं. मनस्वीने हात मागे घेतला आणि पदराशी खेळणाऱ्या लहान पोरीसारखी हसली.

“निदान सांगा तरी. कशी दिसत होती आई?”

सखारामने भिंतीवरच्या आधार कार्डाच्या फोटोकडे पाहिलं. खोटं सांगू नका म्हणणारी ती ओळसुद्धा आता कुठे उरली नव्हती.

“छान दिसत होती,” तो म्हणाला.