न दिलेलं दान

वालूरच्या बुद्धविहारात दान देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं असेल, तर आधी पावती दाखवावी लागते. ठराव कमिटीचा, पण त्याच्या मागचं भांडण दगडाबाईंचं. त्यांच्या भावकीतली जाऊ नर्मदाबाई हिनं एका पौर्णिमेला विहाराला सतरंजी दिल्याचं पुकारून घेतलं, आणि दोन पावसाळे उलटले तरी सतरंजी काही दिसेना. तेव्हा दगडाबाईंनी भरल्या विहारात विचारलं होतं, की सतरंजीचा कापूस अजून पेरायचाच हाय का. लोक तोंडाला पदर लावून हसले. सतरंजी त्याच आठवड्यात आली, पावतीचा नियम झाला आणि दोघी जावांचं बोलणं जय भीमपुरतं उरलं.

असा कडक नियम आपल्याच पायात येईल, हे दगडाबाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

झालं असं, की लेक रोहिणीनं पुण्यात घर घेतलं आणि सगळ्यांना बोलावलं. घरातली पाच माणसं निघणार. ट्रॅव्हल्सची गाडी देवगाव फाट्यावर मिळते, पण तिकीट आधी मोबाईलवर काढावं लागतं. ते काम सुनेकडं, संघप्रियाकडं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दगडाबाईंना स्वतःच्या सहीपुरती अक्षरं येतात, पण पैसा घरातून कशासाठी चाललाय ते कानावर पडल्याशिवाय त्या जाऊ देत नाहीत. म्हणून संघप्रिया ओसरीवर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत ऐकत होत्या.

भाडं बरोबर होतं. त्याखाली सुविधा शुल्क निघालं. दगडाबाईंनी विचारलं, ही कसली सुविधा. सून म्हणाली, घरबसल्या तिकीट निघतं त्याची.

"घर माझं, फोन तुझा, बोट तुझं. त्यांनी काय केलं मग?"

संघप्रियानं बोटानं यादी वरखाली करून बघितली. ते शुल्क काढायची सोयच नव्हती, त्यामुळे ते राहिलं. पुढं विमा होता. त्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. काढ म्हणाल्या, काढली. त्याच्याखाली आणखी एक खूण होती, माणशी वीस रुपये, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी दान. संघप्रियाचं बोट तिकडं वळलं आणि दगडाबाईंनी तिचं मनगटच धरलं.

"दानावर बोट फिरवायलीस का? ठेवलेलं दान उचलत न्हाईत."

"आत्याबाई, मी कुठं ठेवलं? ते आधीच होतं."

"असू दे. लेकरांच्या शाळेसाठी हाय ना? मालकाच्या नावानं जाऊ दे."

मालक म्हणजे भुजंगराव. येलदरीच्या धरणावर चौकीदारी करून रिटायर झाले, पण दर जूनला वस्तीतल्या लेकरांना पाट्या आणि वह्या स्वतः नेऊन द्यायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या आत त्यांच्या नावानं लेकरांसाठी काही व्हावं, हे दगडाबाईंच्या मनात होतंच. ते असं घरी चालत आलं, तर त्यांना बरंच वाटलं. संघप्रिया जास्त बोलली नाही. सासऱ्यांच्या नावासाठी सासूनं धरलेला हात तिला झटकवला नाही.

पुण्याहून आल्यावर पहिली पौर्णिमा आली. वंदना झाली आणि दगडाबाईंनी सेक्रेटरी चंद्रभानला सांगितलं, की कालकथित भुजंगरावांच्या स्मरणार्थ लेकरांच्या शिक्षणासाठी दान दिलंय, तेवढं पुकार. चंद्रभाननं पावती मागितली. त्या म्हणाल्या, मोबाईलमधून दिलंय, पावती येईल. आता दगडाबाईंना पावतीसाठी अडवायची चंद्रभानची काय छाती. त्यानं पुकारलं. लोकांनी साधू साधू म्हटलं. बाहेर चपला घालताना नर्मदाबाई कधी नव्हे ती बोलली.

"पुढल्या पुनवेला पावती बघते बरं, जाऊबाई. नेम तुमचाच हाय."

दगडाबाई घरी आल्या त्या थेट सुनेपुढं. पावती काढ म्हणाल्या. संघप्रियानं तिकीट उघडलं. त्यात दानाची रक्कम होती, पण कुठल्या शाळेला, कुठल्या संस्थेला, कुणाच्या नावानं, यातलं अक्षर नव्हतं. मग तिकिटावरच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ बाजा वाजला, मशीन बोललं, हे दाबा ते दाबा झालं, तेव्हा कुठं एक माणूस आला. तो हिंदी बोलणारा. दगडाबाईंनी फोन स्वतःकडं घेतला.

"मेरे मालक के नाम से पैसा दिये हम. कौनसी शाळा को गया, वो बोल."

तो आधी धन्यवाद म्हणाला. मग म्हणाला, दान ऐच्छिक असतं, नको असेल तर खूण काढता येते. दगडाबाईंनी तेच पुन्हा विचारलं. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, ही माहिती त्याच्याकडं नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेला.

दगडाबाई फोन मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर संघप्रियाला सोपं गेलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, की मालकाचं नाव मी माइकवर घेतलं आणि ज्याला दिलं त्यालाच ठाऊक न्हाई कुणाला दिलं.

मग संघप्रियानं मनातलं सांगून टाकलं. शाळेत ग्राहक दिनाला ती पोरांकडून तक्ते करून घेते, त्यातला एक तक्ता याच गोष्टीचा होता. मोबाईलवर काही विकत घेताना, गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या बिलात वरची वस्तू घालायची नाही, असा सरकारचा नियम आहे. विमा नाही आणि दानसुद्धा नाही. आधीच खूण करून ठेवणं म्हणजे विचारणं नव्हे.

"मग त्या दिवशी का बोलली न्हाईस?"

"तुम्ही मनगट धरलं होतं."

यावर दगडाबाईंनी मांडीवरचा फोन उचलून तिच्या हातात दिला.

ग्राहकांच्या सरकारी हेल्पलाइनला, एकोणीसशे पंधरा नंबरला, तक्रार दिली. संघप्रिया पैसे परत मिळावेत असं सांगायला लागली, तर दगडाबाईंनी थांबवलं. त्यांचं म्हणणं, पैसे मागू नको, भिकेला लागलो न्हाई आपण. दान कुठं पोचलं ते सांगा, म्हणावं. सुनेनं दोन्ही सांगितलं. न विचारता घेतलेलं परत मागणं म्हणजे भीक नव्हे, हे तिनं सासूला ऐकवलंही. तक्रारीचा नंबर मोबाईलवर आला. दगडाबाईंनी तो दत्ता किराणावाल्याच्या कॅलेंडरवर भुजंगरावांच्या स्मृतिदिनाच्या चौकटीतच लिहायला लावला, म्हणजे रोज नजरेस पडेल.

पौर्णिमेच्या आधी उत्तर आलं. कंपनीनं शंभर रुपये संघप्रियाच्या खात्यावर परत टाकले होते आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी कळवली होती. शाळेचं नाव त्यातही नव्हतं. संघप्रिया खूश झाली. दगडाबाईंनी ते पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे पुरावा न्हाईच.

पौर्णिमेला नर्मदाबाई सगळ्यांत पुढं बसली होती, तिच्याच सतरंजीवर. वंदना झाली. चंद्रभान माइक आवरायला लागला, तर दगडाबाई उठल्या आणि त्याच्या हातातून तो घेतला. माइकवर बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी तो लांब धरला आणि नेहमीच्याच आवाजात बोलल्या. तरी कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं.

"मागल्या पुनवेला आमच्या मालकाच्या नावानं दान पुकारलं. ते माघारी घेते. ते दान नव्हतंच. आपल्या हातानं सुटतं ते दान. ह्यांनी माझ्या बटव्यात हात घातला आणि दान म्हणून पाटी लावली, आणि मी पाटी ऐकून गप बसले. तिकीट काढताना ज्याच्या त्यानं खुणा बघा. आपण न केलेली खूण आपली न्हाई. कळंना तर माझ्या सुनेला विचारा. तिला मी त्या दिवशी बोलू दिलं न्हाई."

कुणी साधू म्हटलं नाही, कारण कुठं म्हणावं ते कुणाला कळेना. चंद्रभाननं पावतीबुक काढलं आणि म्हणाला, ते परत आलेले शंभर इथं विहाराच्या अभ्यासिकेला लावू का, भुजंगदादांच्या नावानं. दगडाबाईंनी मान हलवून नको म्हटलं. ते पैसे मालकाच्या नावाला लावायचे नाहीत, संघप्रियानं सोडवून आणलेत, तिचे तिला. त्यांनी कमरेचा बटवा काढला, घडी घातलेल्या नोटा उलगडल्या, दोनशे रुपये काढून ठेवले आणि नाव पुरं लिही म्हणाल्या.

चंद्रभान पावती फाडतो तोवर नर्मदाबाई उठून आली होती. तिनं हात पुढं केला.

"बघू."

दगडाबाईंनी पावती दिली. नर्मदाबाईनं चष्मा लावला, वरचं नाव वाचलं, आकडा वाचला, शिक्का उजेडाकडं धरून बघितला. दगडाबाई बटव्याची नाडी आवळत उभ्या होत्या.

"बराबर हाय," नर्मदाबाई म्हणाली आणि पावती परत दिली. मग ओच्यातून स्वतःचा मोबाईल काढला आणि दगडाबाईंना वगळून मागं उभ्या असलेल्या संघप्रियापुढं धरला.

"परवा नांदेडचं तिकीट काढलं पोरानं. ह्यात बघ गं, मी कुणाकुणाला दान दिलंय ते."