बसवनगुडीतलं धुराडं

टेम्पोतून उतरवलेलं लाकडी खोकं दिवाणखान्यात कसंबसं आलं, तेव्हा तुंगाबाईंना वाटलं की यांनी नवा फ्रिज घेतला. सत्यनारायणरावांनी खिळे उपसून फळी बाजूला केली आणि आतून काळ्या पत्र्याची, पुढे जाड काच असलेली शेगडी निघाली. तशीच शेगडी तुंगाबाईंनी मुलीकडे कॅनडात पाहिली होती. तिथे तिच्यापुढे बसलं की त्यांचे धरलेले गुडघे मोकळे होत. परत आल्यावर एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे असती तशी, तर थंडीत बरं झालं असतं." इतकंच. ते यांनी लक्षात ठेवलं असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सर्जापूर रोडला राहणारा मुलगा रविकिरण फोनवर हसलाच. "अण्णा, बेंगळुरात फायरप्लेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांचे गुडघे दुखत नाहीयेत," म्हणून सत्यनारायणरावांनी फोन ठेवला.

त्यांची सगळी नोकरी विमानांच्या कारखान्यात, इंजिनं तपासण्याच्या विभागात गेली होती. निवृत्त झाले तरी घरातला गळका नळसुद्धा ते विमान उडवण्याआधी तपासावं तसा तपासत. गॅसची जोडणी मात्र त्यांनी स्वतः केली नाही. ती अधिकृत माणसाकडूनच करून घेतली. बाकीचं सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं. तुंगाबाईंना समोर बसवून त्यांनी समजावलं, "हे बघ, ही आग काचेमागे सीलबंद. खोलीतली हवा तिला द्यायची नाही, आणि तिचा श्वास खोलीत येऊ द्यायचा नाही. पाइपात पाइप आहे. आतल्यातून जळालेला वायू बाहेर जातो, भोवतीच्यातून ताजी हवा आत येते."

"धूर दिसत तर नाही कुठे."

"तेच तर वाईट. त्या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याला कळायचं नाही." असं म्हणून त्यांनी भिंतीवर एक पांढरी डबी लावली. हवेत कार्बन मोनॉक्साइड आला की तिच्यावर आकडा चढे, आणि फार झाला की ती कोकले.

घराच्या बाजूला, शेजाऱ्यांची भिंत आणि आपली भिंत यांच्यामध्ये अरुंद बोळ होता. त्या बोळात पाइपाचं तोंड काढलं. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या किती लांब, दार किती लांब, सगळं टेपने मोजलं. खारी शिरू नयेत म्हणून तोंडावर जाळीची टोपी बसवली. काम इतकं सुबक झालं की गवंडीसुद्धा दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. पहिल्या संध्याकाळी आळीतली माणसं आली, सत्यनारायणरावांनी प्रत्येकाला पाइपात पाइप समजावला, आणि तुंगाबाई पाय लांब करून ऊब घेत बसल्या.

आठवडाभरानं एका संध्याकाळी त्या वाटीभर बिसीबेळे भात घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. वर तनय आणि निधी हे पुण्याचं जोडपं भाड्यानं राहत होतं. तनय इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिसात जाई, निधी घरूनच काम करी आणि रांगत्या मुलीला सांभाळी. निधी कपाळ दाबत बसली होती.

"काय गं, बरं नाही का?"

"काही नाही काकू. हल्ली संध्याकाळ झाली की डोकं जड होतं. स्क्रीनकडे बघवतच नाही. सकाळी एकदम फ्रेश असते. स्ट्रेस असेल."

मुलगी खिडकीखाली सतरंजीवर पेंगुळलेली होती. तिचं पांघरूण सारखं करायला तुंगाबाई वाकल्या आणि त्यांच्या गालाला झुळूक लागली. डिसेंबरच्या संध्याकाळी ती झुळूक गार असायला हवी होती. ती कोमट होती. त्यांनी खिडकीबाहेर हात काढला. बाहेर, खिडकीच्या वर, बोळावर प्लॅस्टिकचं छप्पर होतं. पावसात कपडे भिजू नयेत म्हणून निधी-तनयनं ते विचारून लावून घेतलं होतं. बरोबर खाली त्यांच्या शेगडीच्या पाइपाची चकचकीत टोपी दिसत होती.

तुंगाबाई ताडकन सरळ झाल्या.

"निधी, बाळाला उचल आणि पुढच्या अंगणात चल. आत्ताच्या आत्ता."

"काकू, माझा कॉल—"

"कॉल राहू दे. चल म्हणते ना!"

दोघींना उघड्यावर बसवून त्या दिवाणखान्यात शिरल्या. सत्यनारायणराव पेपर वाचत होते. तुंगाबाईंनी थेट भिंतीवरची पांढरी डबी काढली.

"अगं, ती कुठे नेतेस?"

उत्तर द्यायला त्या थांबल्या नाहीत. दिवाणखान्यात डबीवर शून्य होतं, जिन्यातही शून्यच. वरच्या खिडकीत धरली आणि थोड्या वेळात आकडा हलला. मग चढतच गेला. तुंगाबाईंनी घरातल्या दुसऱ्या बाजूच्या खिडक्या भराभर उघडल्या, खाली आल्या आणि डबी नवऱ्यापुढे धरली.

"आधी ती शेगडी बंद करा. मग बोला."

त्यांनी आकडा पाहिला, शेगडी बंद केली आणि वर गेले. तुंगाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. ते खिडकीतून खाली वाकले, मग मान वळवून वरच्या छपराकडे बघत राहिले. गरम वायू वर चढणार, छपराला अडणार आणि समोरच्या उघड्या खिडकीतून आत शिरणार. कुणी सांगायची गरज नव्हती. ते तडक खाली उतरले, आणि निधीला आणि मुलीला घेऊन स्वतः डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, दोघी ठीक आहेत म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी रविकिरण धावत आला. तनयही खाली आला होता, आणि खरं तर तोच जास्त संकोचला होता.

"काका, आमची शीट आहे ना, ती आजच काढतो. प्रॉब्लेमच संपला."

"सरी, ठीकच आहे की, बघा अण्णा," रविकिरण म्हणाला, "स्वल्प काम आहे. शीट काढली की झालं."

सत्यनारायणरावांनी मान हलवली. "ती शीट मी लावू दिली, पाइप त्यानंतर मी बसवला. डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं, वर मान करून पाहिलं नाही. चूक माझी आहे." मग तनयकडे वळून म्हणाले, "तुमच्या लेकीच्या खिडकीखाली वायू सोडला आणि मी समजत होतो घराबाहेर सोडला. बाहेर म्हणजे उघडं आभाळ. तिथपर्यंत नेल्याशिवाय मी ही शेगडी पेटवणार नाही."

तुंगाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मुलाच्या आणि भाडेकरूच्या देखत, आवाज न चढवता, हा माणूस 'चूक माझी' म्हणाला. त्यांचा ऊर भरून आला. पहिल्या संध्याकाळी सगळी आळी वाहवा करत होती, तेव्हाही त्यांना असं वाटलं नव्हतं.

मग सत्यनारायणरावांनी स्वतःच्या हातचं ते सुबक काम उतरवलं. बनवणाऱ्या कंपनीला फोन करून पाइप किती उंच नेता येतो, किती वळणं चालतात, ते विचारून घेतलं. एवढ्यावर न थांबता कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याला, अजितरावांना, बोलावून आणलं. दोघांचं नोकरीत कधी पटलं नव्हतं. "म्हणून तर बोलावलं," ते तुंगाबाईंना म्हणाले. "माझ्यात खोट काढायची संधी तो सोडणार नाही." अजितरावांनी एका जोडाला खोट काढलीच, आणि सत्यनारायणरावांनी तो जोड निमूटपणे बदलून घेतला.

नवा पाइप छपरापासून लांब, भिंतीला धरून, बंदिस्त खोक्यातून थेट गच्चीच्या कठड्यावर निघाला. टोपी बसवायच्या आधी तुंगाबाई गुडघे सांभाळत गच्चीवर चढल्या. चारी बाजूंना मान फिरवून त्यांनी मागच्या घराच्या पोटमाळ्याची झरोक्याएवढी खिडकी दाखवली.

"ती पाहिलीत का?"

सत्यनारायणरावांनी ती पाहिली नव्हती. पाइप आणखी उंच झाला.

शेगडी पुन्हा पेटली तेव्हा वरच्या मजल्यासाठी आणलेली नवी डबी घेऊन निधी खिडकीत बसून राहिली. आकडा शून्यावरून हलला नाही. त्यानंतर तिचं डोकंही दुखलं नाही.

संक्रांतीला तीळ-गुळाचं एळ्ळू-बेल्ल द्यायला आळीतल्या बायका आल्या, पुरुषमंडळी मागोमाग आली. गच्चीवरचं धुराडं रस्त्यावरूनच दिसत होतं, त्यामुळे विषय तोच निघाला. सत्यनारायणरावांनी सगळ्यांना आधी बोळात नेलं आणि बुजवलेलं भोक दाखवलं. रविकिरण कानकोंडा झाला. "अण्णा, ते कशाला?" पण अण्णा सांगत राहिले: इथे कसं चुकलं, कुणी पकडलं, मग काय केलं. 'कुणी पकडलं' म्हणताना त्यांनी तुंगाबाईंकडे हात केला, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. तुंगाबाईंनी पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

समोरच्या घरातल्या कौशल्याअक्का ऐकता ऐकता पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या न्हाणीत गॅसचा गीझर आहे. त्याला असा पाइप काही नाही. सून म्हणते, अंघोळीला गेलं की गरगरतं."

सत्यनारायणरावांनी हातातला तिळगूळ तसाच ताटात ठेवला. "आज तो कुणी पेटवायचा नाही. आम्ही आत्ताच येतो."

ते टेप शोधायला आत वळले, तोवर तुंगाबाई भिंतीवरची डबी काढून, चपला घालून फाटकाशी पोचल्याही होत्या.