घंगाळाची गाडी

श्रीगोंद्याच्या गहिनीनाथाला ऑइल इंजिनं घाबरतात, असं त्याचा दोस्त मच्छिंद्र गावभर सांगायचा. बिघडलेल्या इंजिनापाशी गहिनीनाथ पाना घेऊन नुसता उभा राहिला, तरी ते मुकाट चालू होतं म्हणे. मच्छिंद्राच्या बोलण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडायचं असतं, पण विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात गहिनीनाथाचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं, हे खरंच. वर्षानुवर्षं त्या भडभडाटात डोकं घातल्यामुळं त्याला ऐकू मात्र कमी यायचं. हे तो कबूल करत नसे. हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत, असं त्याचं म्हणणं.

अशा माणसानं आपण बरं, आपलं काम बरं, असं राहावं की नाही? पण एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नगरच्या लष्करी छावणीत भंगाराचा लिलाव झाला, आणि लोखंडी पाइप आणायला गेलेला हा गडी मोटार घेऊन आला. कुण्या गोऱ्या साहेबानं मागं टाकलेली, दोनच माणसांची, बिनछपराची, शर्यतीत पळणारी विलायती गाडी. सायकलीसारखी तारांची चाकं, लांबलचक नाक आणि पाठीवर पेट्रोलची टाकी. नाकावर आठकोनी बिल्ला होता आणि त्यावर एम आणि जी अशी दोन इंग्रजी अक्षरं.

"एम म्हंजी मच्छिंद्र आन जी म्हंजी गहिनीनाथ," मच्छिंद्रानं तिथल्या तिथं अर्थ लावला. "नाथांच्यात बी मच्छिंद्र आदी आन गहिनी मागनं. साहेब पोथी वाचत असनार लेका."

तेव्हापासून गाडीत आपला निम्मा वाटा आहे, असं तो धरून चालला. कामात मात्र त्यानं कधी वाटा मागितला नाही.

गाडीचा लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्ला होता. गहिनीनाथानं तो बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून बाभळीचा करून घेतला. तुटक्या तारांच्या जागी जाड तार ओढून स्वतः तारा वळल्या. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फाटका पडदा नगरच्या जुन्या बाजारातून हुडकून आणला. गाडीचं एकेक हाड तो असं जुळवत होता आणि घरात त्याची बायको छबूबाई ताटावर ताट झाकून वाट बघत होती.

"आली माझी सवत," ती म्हणायची. "आन ती बी गोऱ्याघरची."

पण दसरा आला तेव्हा तिनं पाने, हातोडे, ऐरण सगळं ओळीनं मांडून पुजलं आणि मग ताट घेऊन गाडीपाशी आली. सणाच्या दिवशी सवतीलाही वगळू नये, असा तिचा हिशेब. आता हिला कुंकू लावायचं कुठं? तोंडावर. आणि तोंड कुठं?

"अवो, हिचं तोंड कुठंशी हाय?"

गहिनीनाथ गाडीखाली उताणा पडला होता. त्याला काय ऐकू येणार? मग छबूबाईनं आपलंच डोकं चालवलं. जिथून पिते ते तोंड. तिनं पाठीमागच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा चांगला गलेलठ्ठ टिळा लावला, वर अक्षता दाबल्या आणि हात जोडले. गहिनीनाथानं गाडीखालून बाहेर आल्यावर तो टिळा पाहिला. त्याला फार बरं वाटलं. पुढं त्यानं सगळी गाडी घासली, पुसली, रंगवली. झाकणाला तेवढा हात लावला नाही. दसऱ्याचं कुंकू कोण पुसतं?

इथवर सगळं ठीक होतं. पण दसऱ्यानंतर त्यानं इंजिनाचं डोकं उघडलं, तर डोकं आणि धड यांच्यामधलं गॅस्केट जळून त्याची चाळण झालेली. तसलं गॅस्केट नगरला मिळेना, पुण्याला मिळेना. एकच उपाय उरला. तांब्याचा चांगला सपाट पत्रा घ्यायचा, तापवून मऊ करायचा आणि मापानं कापायचा. तांबटानं दिवाळीनंतरचा वायदा केला. आणि घरी न्हाणीत छबूबाईचं घंगाळ होतं.

हे घंगाळ तिच्या रुखवतातलं. काष्टीच्या तिच्या वडलांनी, रंगनाथांनी, हौसेनं घडवून काठावर तिचं नाव कोरून दिलेलं. दर आठवड्याला ती ते चिंचेनं घासून असं लखलखीत करायची की न्हाणीत सूर्य उतरल्यासारखं वाटे. गहिनीनाथानं नीट विचार केला. पाणी काय, बादलीतही तापतं. घंगाळाच्या तळाचा पत्रा हवा तेवढा जाड होता. छबूबाई बाजाराला गेली होती.

ती परत आली, तेव्हा घंगाळ राहिलं नव्हतं.

छबूबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं लुगडी बोचक्यात बांधली. ओरडली असती तर गहिनीनाथाला निदान नीट ऐकू तरी आलं असतं.

"माज्या घंगाळाची गाडी केली ना तुमी?" दारात थांबून ती म्हणाली. "मग त्याच गाडीतनं न्यायाला या. ती तिच्या पायानं चालत काष्टीला आली तर मी बसंन. ढकलत आनली, न्हाईतर बैलं जुपून आनली, तर तशीच माघारी न्या. आन पाडव्याला माझ्या हातनं ओवाळून घ्यायाचं असंल, तर पाडव्याच्या आत या. त्यानंतर मला न्यायाला येऊच नका."

छबूबाई जे बोलायची ते करायची. गहिनीनाथाला घर खायला उठलं. भाकरी त्याला थापता येत नव्हती, पण तेवढंच नव्हतं. रात्रंदिवस गाडीपाशी राहणाऱ्या या माणसाला आता कळलं, की आतून कुणीतरी कुरकुरत असलं म्हणजेच गाडीपाशी राहण्यात मजा असते.

तांब्याचं गॅस्केट झकास बसलं. अंगणात इंजिन असं सुरेल चाललं की शेजारीपाजारी बघायला जमले. गहिनीनाथ टाकी भरून एकटाच काष्टीच्या वाटेला लागला. गाव मागं पडलं, उसाचे मळे सुरू झाले आणि गाडी दोनदा खोकून थांबली. प्लग बघितले, ठणठणीत. पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडला, काही उपयोग नाही. पेट्रोलचा प्रश्नच नव्हता, टाकी त्यानं स्वतः गळ्यापर्यंत भरली होती. शेवटी वस्तीवरचे आसाराम नावाचे एक शेतकरी भले माणूस निघाले. त्यांनी बैल जुंपून गाडी श्रीगोंद्याला परत ओढून आणली. बैल पुढं, विलायती गाडी मागं, आणि आत गहिनीनाथ स्टिअरिंग धरून बसलेला. तालुका पोट धरून हसला, आणि ते हसू काष्टीपर्यंत गेलं.

पुढच्या खेपेला मच्छिंद्र सोबत आला. गाडी तिथंच खोकली, तिथंच थांबली.

"पेट्रोल संपलं असंल," मच्छिंद्र म्हणाला.

"भरलंय."

"बघायाला काय जातंय?" त्यानं लिंबाची काडी मोडून घेतली, टाकीचं झाकण उघडलं आणि काडी बुचकळली. पेट्रोल भरपूर होतं. गहिनीनाथानं उगीच एकदा चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली! मैलभर जाऊन पुन्हा थांबली. पुन्हा काडी, पुन्हा सुरू. माघारी येईस्तोवर मच्छिंद्राची खात्री पटली होती की गुण त्या काडीत आहे. त्यानं ती जपून टोपीत खोचून ठेवली. गहिनीनाथानं त्याला वेड्यात काढलं. गाडी तापते आणि काडीच्या खेळात निवते, असं त्यानं ठरवलं आणि कॉइल बदलली. दोघांतला शहाणा कोण, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

असं करता करता पाडवा उजाडला. गहिनीनाथानं अभ्यंगस्नान केलं, तेही बादलीतून. नवं धोतर नेसला, मच्छिंद्राला शेजारी बसवलं आणि निघाला. रस्त्यावर आसारामाची रिकामी बैलगाडी भेटली.

"काष्टीलाच चाललोय मी," आसाराम म्हणाले. "हळूहळू मागं येतो. लागलंच तर बैलं हायेत."

"आज न्हाई लागायाचे," गहिनीनाथ गुर्मीत म्हणाला. आणि मळ्यांपाशी गाडी खोकून थांबली.

काडी, सुरू. मैलभरानं पुन्हा बंद. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ येत होता. गहिनीनाथाला तो ऐकू येत नव्हता, पण मच्छिंद्राच्या तोंडावरून कळत होता. काष्टीच्या दारात अशी खोकत, मरत गाडी गेली आणि तिथंच बसली तर?

मच्छिंद्र काडी घेऊन टाकीकडं गेला. "घे बाई, टाक उसासा," तो झाकण उघडत म्हणाला.

"कोनाला म्हनतोस?"

"गाडीला. वयनीसारकीच हाय. लई येळ तोंड दाबून धरलं की उसासा टाकती."

"कसला उसासा?"

"दर येळला टाकती की. झाकन उघाडलं रं उघाडलं, की फुस्स! मग चालती."

गहिनीनाथ त्याच्याकडं बघतच राहिला. "आन ह्ये तू मला आज सांगतोस?"

"मला काय म्हाईत तुला ऐकू येत न्हाई? तूच म्हनतोस, माजे कान चांगले हायेत!"

गहिनीनाथानं झाकण हिसकावून घेतलं. आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यानं तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडून तो उपडा केला, तर तेल धड पडत नाही, हवेसाठी दुसरं भोक लागतं. तसंच हे. आत हवा जायला वाटच नाही, तर पंपानं पेट्रोल ओढायचं कसं? त्यानं झाकण उलटं केलं. वर छबूबाईचा टिळा होता, वाळून दगड झालेला, अक्षतांसकट.

तो रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. तोंडानं सवत म्हणणाऱ्या बाईनं गाडी चालावी म्हणून एवढं मन लावून कुंकू दाबलं होतं, आणि आपण मात्र तिला न विचारता तिचं घंगाळ कापलं. त्याला आपलीच लाज वाटली. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"पूस की मग," मच्छिंद्र म्हणाला. "बैलं आली बग!"

"पाडव्याला? तिनं लावल्यालं?" गहिनीनाथ उठला, बाभळीचा एक लांब काटा मोडला आणि आतल्या बाजूनं भोकात घालून हळूच फिरवला. टिळ्याच्या मधोमध एक बारीक ठिपका उघडला. बाकी कुंकू जसंच्या तसं राहिलं.

त्यानंतर गाडी जी उधळली, ती काष्टीत रंगनाथांच्या दारातच थांबली. मच्छिंद्राची टोपी काडीसकट वाटेत उडाली.

छबूबाई ओट्यावर आली, पण तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. ती रस्त्याकडं बघत होती. आणि थोड्या वेळानं रस्त्यावरून बैल आले!

"बैलं हायेत की मागं," ती म्हणाली.

"न्हाई बया," आसाराम गाडीतूनच ओरडले. "दोरखंड सोडला बी न्हाई. आमी हाताला काम मिळंल म्हनून आलो, तर ह्ये पळालेच!"

छबूबाईचा आसारामावर विश्वास बसला नाही. तिनं पुढचा आस वाकून बघितला, दोराचा वळ नव्हता. मग ती मागं गेली. टाकीवर धुळीचा थर होता आणि ढकलणाऱ्या हातांचे पंजे कुठंच उमटले नव्हते. झाकणापाशी मात्र ती थबकली.

"ह्ये अजून हाय?"

"दसऱ्याचं हाय," गहिनीनाथ पुटपुटला. "तू लावल्यालं."

"त्या कुंकवापायीच तर गाडी..." मच्छिंद्रानं सुरुवात केली, आणि गहिनीनाथानं त्याच्या पायावर पाय दिला. मच्छिंद्र केकाटला. मग काय, छबूबाईनं त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं, काडीपासून काट्यापर्यंत. गहिनीनाथ मान खाली घालून उभा होता.

"म्हंजी माज्या कुंकवानं सवत गुदमरली म्हना की," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की रंगनाथ आतून काय झालं म्हणून बघायला आले.

तिनं नवऱ्याला ओवाळलं. मग ताट घेऊन गाडीमागं गेली. गहिनीनाथाचा हात खिशाकडं गेला. लावू दे, काटा खिशात होता. छबूबाईनं बोट कुंकवात बुडवलं आणि त्या बारीक भोकाभोवती सावकाश एक गोल काढला. भोक मोकळं ठेवलं.

"घंगाळ मातर मी इसरनार न्हाई," ती म्हणाली.

"नगं इसरू. आदी बसून तर बग."

मच्छिंद्र सवयीनं आपल्या जागेवर जाऊन बसला होता. त्याच्या गुडघ्यासमोर, लाकडी फळीवर तांब्याची एक पट्टी ठोकलेली होती. घंगाळाचा नावाचा काठ गहिनीनाथानं कापला नव्हता, जपून सोडवला होता. छबूबाईला वाचता येत नव्हतं. पण चिंचेनं घासून घासून ती अक्षरं तिच्या बोटांना पाठ होती. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं, एकदा आणि पुन्हा एकदा. डोळे पुसले. मग बोचकं मच्छिंद्राच्या मांडीवर टाकलं.

"उटा भावजी," ती म्हणाली. "जागंवर माजं नाव हाय."

मच्छिंद्र आसारामाच्या बैलगाडीतून, बोचकं सांभाळत, दिवेलागणीला श्रीगोंद्यात पोहोचला.